बोकडाच्या कानावरची खूण

तुम्ही ज्या घरात बसून हे वाचताय, त्या घराच्या पायात कुणाचं हाड मोडलंय, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

आमच्या घराच्या पायात आजोबांच्या खांद्याचं हाड आहे. माणदेशातून मेंढरं हाकत ते पिरंगुटजवळच्या चांद्याला आले, तेव्हा भाताची खाचरं रिकामी झाली की शेतमालक धनगराला बोलावून शेतात मेंढरं बसवायचे. रात्रभर लेंड्या पडायच्या, जमीन सुपीक व्हायची, बदल्यात पायलीनं धान्य मिळायचं. एकदा आजोबांची मेंढरं जाळीचं कुंपण पाडून शेजारच्या हरभऱ्यात शिरली. मालकानं त्यांना बाभळीला बांधलं, जुवाची शिवळ, म्हणजे बैलाच्या मानेशी असणारी लाकडी खुंटी, उपसली आणि खांद्यावर घालायला सुरुवात केली. हाड मोडल्याचा आवाज झाडाखालच्या मेंढरांनीही ऐकला असेल. ते वाकडंच जुळलं. त्यानंतर जन्मलेलं कोकरू त्यांनी कायम दुसऱ्या खांद्यावरून आणलं.

त्याच मालकाच्या जमिनीला आजोबांनी पुढं कित्येक उन्हाळे खत दिलं. शेवटी त्यानं कडेचा दगडाळ तुकडा आजोबांच्या नावावर करून दिला. गावात याला मालकाचं मोठं मन म्हणतात. आजोबा फक्त खांदा चोळत म्हणायचे, "ह्यानं घेतलाय माळ."

त्या माळावर आधी पाल होतं, मग कुडाचं घर झालं, मग वडिलांना पिरंगुटच्या कारखान्यात काम लागलं आणि पत्र्याच्या खोल्यांची रांग उभी राहिली. ज्यांनी आजोबांना उपरा म्हटलं, त्यांनी हिंजवडीच्या बाजूच्या जमिनी विकल्या आणि तेही खोल्या बांधून बसले. आता सगळं गाव बाहेरून आलेल्यांच्या भाड्यावर जेवतं. भाडं चालतं. भाडेकरू रस्त्यानं मान वर करून गेला, की चालत नाही.

वडील कारखान्यात युनियनची पत्रकं वाटायचे. उरलेली घरी यायची. फळीवर अंथरायला, डब्याखाली घालायला. मी अक्षरं त्यांवरच शिकले. राबणारा कुठल्याही मुलखातला असो, तो आपला, एवढं मला शाळेत जायच्या आधी पाठ होतं. हे सांगून ठेवते, कारण पुढं वडिलांविषयी लिहायचं आहे.

आमच्या शेवटच्या खोलीत बिहारकडचं एक जोडपं राहतं. तो पिरंगुटला एका छोट्या कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर होता. त्या मशीनला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो. हात मध्ये सापडू नये म्हणून तशी सोय. म्हणजे ज्याचे दोन्ही हात धड, त्यालाच तिथं काम. त्याची बायको दिवसभर खोलीत बसून कंटाळायची आणि आमच्या गोठ्याकडं येऊन शेळ्यांना पाला घालायची. आईला माणूस हातावरून कळतो. एके दिवशी आईनं तिला एक पाठ, म्हणजे तरणी शेळी, अर्धलीनं दिली. आमच्यात ही जुनी रीत आहे: शेळी एकाची, सांभाळणार दुसरा, होणारी करडं निम्मी निम्मी. आजोबांचा कळपही असाच उभा राहिला होता, दुसऱ्याच्या मेंढीच्या पोटातून.

हा व्यवहार दोन बायकांमध्ये झाला. बायकांचे व्यवहार आमच्यात पुरुषांना सांगत नाहीत, नाहीतर ते पुरुषांचे होतात. शेळी राहिली आमच्याच गोठ्यात, त्यामुळं वडिलांना माहीत नव्हतं, चुलत्याला नव्हतं, मलाही नव्हतं.

आता चूक सांगते. आमच्या घरात करडू जन्मलं, की चौथ्या-पाचव्या दिवशी डाव्या कानाच्या टोकाला खाच पाडतात. ती आमची खूण. खाच पडेपर्यंत आम्ही करडू मोजत नाही. अर्धलीचं करडू वाटून दिलं, की त्याच्या उजव्या कानाला दुसरी चीर द्यायची, चार माणसांसमोर, म्हणजे ते आता सांभाळणाऱ्याचं झालं. शेळी व्याली, एक पाठ आणि एक बोकड झाला. आईनं जन्मभराच्या सवयीनं दोघांच्याही डाव्या कानाला खाच पाडली. बोकड तुझा, असं तिला गोठ्यात सांगितलं. उजव्या कानाची चीर राहून गेली. चार माणसं बोलवायची म्हणजे चुलत्याला बोलवायचं, आणि त्याला काय सांगायचं?

बोकड वर्षाचा झाला, तरी त्याच्या कानावर एकट्या आमचीच खूण होती.

नवरा-बायकोचं ठरलं होतं, की बोकड विकून जुनं शिलाई मशीन घ्यायचं. बायको गावाकडं ब्लाउज शिवायची. मशीन आलं असतं तर त्यांचे दोन हातांचे चार झाले असते.

बाजाराच्या दिवशी मी पिरंगुटच्या बसमधून उतरले, तेव्हा टपरीपुढं गर्दी होती. मला आधी बोकड दिसला. तो विजेच्या खांबाला बांधला होता आणि रस्त्यावर सांडलेली चहाची पत्ती हुंगत होता. मग शेवटच्या खोलीतला माणूस दिसला. तो गुडघ्यावर होता. त्याच्या शर्टाची बाही फाटून लोंबत होती, आणि नाकातलं रक्त हनुवटीवरून बटणांवर उतरत होतं. टपरीवर बसणारी पोरं पाण्याच्या पाईपचे तुकडे घेऊन उभी होती. मध्ये माझा चुलता.

"आमच्या कानाची खूण हाय ही," तो गर्दीला दाखवत होता. "आमचंच खातुया, आमच्याच खोलीत ऱ्हातुया, अन् आमचाच बोकड इकाया चाललाय."

"चाची से पूछ लीजिए," भाडेकरू म्हणत होता. "चाची ने दिया है. चाची जानती हैं."

"कंची चाची रं तुझी?" एक पोरगा म्हणाला. "हितं काय तुझ्या चुलत्याची पेंड हाय व्हय?"

लोक हसले. पाईप पाठीवर पडला तो ओल्या गोणपाटावर पडल्यासारखा वाजला. मी आत घुसले, चुलत्याचा दंड धरला. त्यानं माझ्याकडं न बघता मला झटकलं, मी टपरीच्या फळीवर आदळले.

"काका, आईला विचारा, मग मारा," मी म्हणाले.

"तू कॉलेजात शीक जा," तो म्हणाला. "चोराला काय करायचं ते आमाला म्हायती हाय."

मी घराकडं पळाले. आई गोठ्यात होती. टपरीपुढचं सगळं मी तिला सांगितलं. "चीर ऱ्हायली," एवढंच ती बोलली. आढ्याला खोचलेलं कान कापायचं पातं तिनं काढलं आणि ती अनवाणी निघाली. मी तिच्या मागं.

आम्ही पोचलो, तेव्हा त्याचा उजवा हात दोन पोरांनी दगडावर धरला होता. बांधकामावरचा लोखंडी गज चुलत्याच्या हातात होता. "चोरी करणारा हात ह्योच ना?" तो विचारत होता, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला मजा येत होती. ती मजा मी आजही विसरलेले नाही. आई ओरडली. गज खाली आला. एकदा, आणि पुन्हा एकदा. मनगटाच्या जागी काहीतरी पांढरं वर आलं. माणसाच्या तोंडून नुसती हवा निघाली.

आई गर्दीतून पुढं गेली आणि चुलत्यासमोर उभी राहिली. ती त्याच्या खांद्याएवढी.

"बोकड त्याचा हाय," ती म्हणाली. "म्या अर्धलीनं दिली शेळी त्याच्या बायकूला. खाच बी म्याच पाडली."

खांबाला बांधलेला बोकड ओरडला.

"मंग आधी सांगायचं ना वैनी," चुलता म्हणाला. गज अजून त्याच्या हातातच होता. "आमाला काय सपान पडतंय व्हय?"

"इचारायला तुझ्या जिभंला काय झालं व्हतं? माजी पोर सांगत व्हती न्हवं, आईला इचारा म्हून?"

"भय्याच्या पायी घरच्या माणसाला बोल लावतीस?"

"तुजा बाप हितं आला तवा त्यो कोन व्हता रं?" आई म्हणाली. "त्येला बी बाभळीला बांदला व्हता. तवा मारणाऱ्याच्या हातात शिवळ व्हती. तुज्या हातात काय हाय, बग."

मग तिनं बोकडाची मान काखेत धरली आणि सगळ्यांसमोर उजव्या कानाला चीर दिली. तिनं पातं जोरात ओढलं, चीर हवी त्याहून खोल गेली. कानातून रक्त उडून तिच्या लुगड्यावर पडलं. पाईप धरलेल्या एका पोरानं मान फिरवली. माणसाचं रक्त तो इतका वेळ बघत होता, बोकडाचं त्याच्यानं बघवलं नाही.

हाताची दोन ऑपरेशनं झाली. मूठ वळत नाही. कारखान्याच्या ठेकेदारानं दुसऱ्याच दिवशी त्याच्या मशीनवर दुसरा माणूस उभा केला. दोन बटणं एका हातानं दाबता येत नाहीत, यात ठेकेदाराला बोल लावण्यासारखं काही उरलंच नाही.

मी आणि आईनं पोलीस ठाण्यात जाऊन जबाब दिला. घरी आलो तर वडील दारात बसले होते.

"भाऊ हाय माझा," ते म्हणाले.

"आणि तो कोण आहे?" मी विचारलं. "तुमच्या पत्रकांत तो कोण होता?"

"कारखान्यातली गोष्ट येगळी आसती."

"काय वेगळी?"

ते उठून दारातून बाजूला झाले. मग म्हणाले, "तिथं मारणारा आपला नसतो."

मला त्या उत्तराचा संताप आला आणि अजूनही येतो, कारण ते खरं होतं. मालकाविरुद्ध मूठ वर करणं वडिलांना जमलं, सख्ख्या भावाविरुद्ध बोट उचलणं जमलं नाही. त्यांनी जबाब मागं घ्या म्हटलं नाही, पण आमच्या पंगतीला बसणंही सोडलं. आता ते ताट घेऊन ओट्यावर बसतात.

चुलता जामिनावर सुटून आला. टपरीवर पुन्हा बसू लागला. पोरं घरमालकांच्या दारोदार जाऊन सांगत सुटली, की बाहेरच्यांना खोल्या देऊ नका, हे लोक चोर असतात. ज्या मालकांकडं ती गेली, त्यांतल्या अर्ध्यांच्या मोटारसायकलीचे हप्ते या लोकांच्या भाड्यातून जातात. तरी त्यांनी माना डोलावल्या. पोरांनी आमच्याही दारात येऊन शेवटची खोली रिकामी करा म्हणून सांगितलं.

त्या संध्याकाळी आई खोलीत गेली. बायको कपडे बांधत होती, नवरा डाव्या हातानं गाठ मारायचा प्रयत्न करत होता.

"कुटं निघालीस?" आईनं विचारलं.

"आप ही बताइए चाची, कहाँ जाएँ," ती म्हणाली. मग बोचकं तसंच सोडून खाली बसली. "बकरी फिर पेट से है. उसको छोड़ के कैसे जाएँ?"

ते गेले नाहीत. बोकड विकला, पण ते पैसे औषधात गेले. मशीन आलं नाही.

गेल्या आठवड्यात शेळी व्याली. दोन पाठी झाल्या. आईनं या वेळी गोठ्यात खाच पाडली नाही. भरदुपारी ती दोन्ही करडं घेऊन पारावर गेली, आणि बायकोला बरोबर घेतलं. टपरीवरची माणसं उठून आली. चुलता उठला नाही, पण त्यानं मान वळवून पाहिलं. आईनं एका करडाच्या डाव्या कानाला आमची खाच पाडली. दुसऱ्याला तिनं हात लावला नाही. पातं धुतलं आणि बायकोच्या हातात दिलं.

"तुजं हाय. तुजी खूण तूच कर."

बायकोनं गर्दीकडं पाहिलं. नवरा तिच्या मागं उभा होता, मोडका हात छातीशी धरून. त्यानं डाव्या हातानं करडू आवळून धरलं. तिनं उजव्या कानाच्या मधोमध भोक पाडलं, आमच्याकडं कुणीच पाडत नाही तसं. करडू किंचाळलं. रक्ताचा थेंब पारावरच्या फरशीवर पडला आणि तिनं तो पदरानं पुसून घेतला. वडील गर्दीच्या कडेला उभे होते. ते कधी आले, मी पाहिलं नव्हतं.

तुमच्याही खोलीत, शेतात, गोठ्यात बाहेरून आलेलं कुणी राबत असेल, आणि तुमच्यात-त्यांच्यात काही तोंडी ठरलेलं असेल. कुणाला सांगायची गरज नाही, असं तुम्हाला वाटत असेल. उद्या सकाळी त्या माणसाला बरोबर घेऊन तुमच्या गावच्या पारावर जा. त्याचं काय आहे, ते चार माणसांसमोर स्वतःच्या तोंडानं सांगा. तुमच्या भावाला तिथं मुद्दाम बोलवा.