आमचं खाली, त्याचं खाली

दहावी कशीबशी झाली आणि माझी शाळा सुटली. मी मावळातल्या कान्हे गावचा. आज दक्षिण ध्रुवाकडच्या संशोधन तळाला सामान पोचवणाऱ्या जहाजावर खलाशी आहे, तो आमच्या सारंगांमुळे. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. ते रत्नागिरीकडचे; आम्ही त्यांना चाचा म्हणतो.

पहिल्याच फेरीतली गोष्ट. जहाज गोठलेल्या समुद्राला टेकून उभं होतं. समोर बर्फाचा कडा, आमच्याकडच्या नागफणीच्या सुळक्यासारखा, फक्त पांढरा. डिझेलची पिंपं क्रेनने बर्फावर उतरवायची होती. क्रेनवाला बिहारचा. त्याला खालचं दिसत नव्हतं, म्हणून मी वॉकीटॉकी घेऊन कठड्याशी. चाचा बर्फावर जागा साफ करत होते.

"नीचे कैसा है?" क्रेनवाल्याने विचारलं.

चाचा नेमके लटकत्या पिंपांखाली होते. घाबरलो की माझी गावची बोली बाहेर येते.

"खाली! चाचा खाली हाय!"

त्याच्या हिंदीत खाली म्हणजे रिकामं. त्याने पिंपं सोडायला सुरुवात केली. चाचांनी वर पाहिलं, बाजूला उडी मारली आणि मूठ वर केली. ती खूण मी "रुको, रुको" करत क्रेनवाल्याला कळवली, तेव्हा पिंपं थांबली.

चीफ ऑफिसरने वॉकीटॉकी काढून घेतली. "हा आता भांडी घासेल. परतलो की घरी."

आईला काय सांगायचं, हेच माझ्या डोक्यात.

चाचा वर आले. "काय बोललास रे?" मी सांगितलं. ते हसायलाच लागले. "मावळ्या, भाषेनं मारला असतास मला." मग साहेबांकडे वळले. "साब, शब्द निकालो, आदमी रहने दो."

त्या दिवसापासून आमच्या डेकवर 'खाली' बंद. उतरवायचं तर जुन्या खलाशांचं 'आरिया', उचलायचं तर 'हाबिस'. माणूस असेल तर 'आदमी'.

साहेब तरीही मला परत कामावर घ्यायला राजी नव्हते. दुसऱ्या सकाळी चाचांनी वॉकीटॉकी माझ्याच हातात दिली. खाली बर्फावर उभं राहायला दुसरा कुणीही चालला असता. पण ते स्वतः उतरले.

"नीचे कैसा है?"

"आदमी है. रुको."

चाचा सावकाश दहा पावलं मागे सरले. अंगठा वर केला.

"आरिया," मी म्हणालो.

भांड्यांचा विषय साहेबांनी परत काढला नाही. सुट्टीत घरी गेलो आणि आई "खाली बस" म्हणाली, की मी अजून आधी वर बघतो.