टाकीपाशी दहा मोजताना

मुलगी तिसरीत असताना शाळेच्या बाईंनी नियम केला. रोज संध्याकाळी घरच्यांनी मुलाकडून धडा वाचून घ्यायचा, मोबाईलवर रेकॉर्ड करायचा आणि ग्रुपवर टाकायचा. नियम चांगलाच होता. फक्त वेल्ह्याकडच्या आमच्या वाडीत रेंज एकाच ठिकाणी येते, पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर.

रेकॉर्डिंग घरी करून तिथून नुसतं पाठवता आलं असतं. पण घरी टीव्ही, कुकर, शेरडांची ओरड. शिवाय एकदा जायचंच आहे तर तिथंच उरकू, असं सगळ्यांनी ठरवलं. सहा वाजले की सात-आठ आया आपापली पोरं घेऊन टाकीपाशी. लांबच्या घरांचा नंबर आधी. आमचं घर टाकीला लागून, म्हणून आम्ही शेवटी. तोवर मी शेंगा निवडत बसायचे. आमचा नंबर आला की मी मोबाईल ओट्यावर ठेवून निवडतच राहायचे, पोरगी उभी राहून घडाघडा वाचायची.

"लई हुशार निघाली गं," जाऊबाई म्हणायच्या. "तुझ्यावर न्हाई गेली."

दिवाळीनंतर बाईंनी मला शाळेत बोलावलं.

"ताई, तुमच्या मुलीला वाचता येत नाही."

"रोज पाठवते की मी!"

"ऐकते ना. छान म्हणते. पण फळ्यावर नवी ओळ लिहिली की गप्प. अशीच चौथीत गेली तर सगळेच विषय अडतील."

मला राग आला, तोही बाईंचाच. घरी येऊन पुस्तक उघडलं, पुढचा न शिकवलेला धडा काढला आणि म्हटलं, वाच. ती पानाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई, हा अजून कुणी वाचला नाही."

तेव्हा उलगडा झाला. रोज सात जणांचं ऐकून ती आठवी म्हणत होती. पुस्तक उलटं धरलं असतं तरी मला कळलं नसतं. माझी नजर शेंगांवर.

दुसऱ्या दिवशी बाईंना खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "सगळ्यांना एकच धडा दिला, ही माझीही चूकच. आता धडा नको. कुणी न वाचलेल्या दोन-चार ओळी रोज घ्या. तुम्ही शेजारी बसायचं, बोट तिनं ठेवायचं. अडली तर सांगायचं नाही. मनात दहा मोजायचे."

"आणि दहालाही नाही आलं तर?"

"तर अकरा."

भाकरी थापणं सोपं, दहा मोजणं अवघड. चारपर्यंत यायचे आणि शब्द माझ्याच तोंडून बाहेर पडायचा. "आई, दहा कुठं झाले?" पोरगी चिडायची. बियाण्याची पिशवी वाचली, शेळ्यांच्या जंताच्या औषधाची बाटली वाचली. कापूरहोळला एसटीची वाट बघताना ढाब्याची पाटी वाचली. त्यातला मिसळ हा शब्द लगेच आला, भूक लागली होती. बाई रोज ऐकून कळवायच्या, कुठला शब्द परत घ्यायचा. मी तो दुसऱ्या दिवशी घ्यायचे. शेंगा आता घरी.

उन्हाळ्याच्या तोंडावर टाकीला ग्रामपंचायतीचा नवा कागद चिकटवलेला दिसला. सगळ्या जणी त्यालाच टेकून गप्पा मारत होत्या. आमचा नंबर आल्यावर मी म्हटलं, हाच वाच.

"त्यात काय वाचायचं? घरपट्टीचा आसंल," जाऊबाई म्हणाल्या.

पोरीनं बोट ठेवलं. "उद्या... पासून... टाकी..." आणि अडली. जाऊबाईंनी कागदाकडे मान वळवली, मी त्यांचा हात दाबला. मोजत नऊवर पोचले.

"स्वच्छ!" पोरगी म्हणाली. "टाकी स्वच्छ... करणार... असल्याने... दोन दिवस... पाणी येणार नाही."

मग सगळ्या जणी घराकडं धावल्या, हंडे भरायला.

"आगं, आधी वाचायचं न्हाई व्हय!" पळता पळता जाऊबाई ओरडल्या.

मी तेवढं पाठवून मगच हंडे काढले. थोड्या वेळानं बाईंचं उत्तर आलं. "स्वच्छ हा शब्द उद्या परत घ्या. आणि सगळ्यांना सांगा, मुलांना बाटल्या भरून द्या. शाळेला पाणी याच टाकीचं येतं."