लिफ्टमधला अभद्र आशीर्वाद

सिंगापूरच्या ईस्ट कोस्ट भागातल्या आमच्या कॉन्डोत शेजारी एक अमेरिकन गृहस्थ राहतो. माणूस भला, पण तोंडाला कुलूप नाही. त्या संध्याकाळी लिफ्टमध्ये त्याने बाबांचा धोतर-पगडीतला अवतार पाहिला. इथल्या मराठी मंडळाच्या नाटकात काम करताहेत, असं मी सांगताच तो आनंदाने ओरडला, "ब्रेक अ लेग!"

बाबांचा गुडघा मागच्याच वर्षी बदललेला.

बाबांचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे. अमेरिकेत नाटकवाल्यांना शुभेच्छा द्यायच्या तर "पाय मोड" म्हणतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी टॅक्सीत बसल्याबसल्या त्यांनी जाहीर केलं, "मी काम करणार नाही. गाडी परत फिरवायला सांग."

आयुष्यभर नास्तिक म्हणून मिरवलेला हा माणूस! कॉलेजात आजोबांनी नाटकात काम करू दिलं नाही, मग नोकरी लागली, मग आम्ही झालो. सत्तरी उलटल्यावर लेकीकडे सिंगापूरला आले आणि मंडळाला एक म्हातारा कमी पडला, म्हणून हा योग आला. पुढच्या आठवड्यात ते पुण्याला परत जाणार होते. आज नाही तर कधीच नाही.

"देव मानत नाही आणि लिफ्टमधला अपशकुन मानता?" मी चिडून विचारलं.

"शुभ कामाला निघताना असं बोलतात? आपल्याकडे बांगडी फुटली तरी वाढली म्हणतात. निघताना कुणी जातो म्हणत नाही, येतो म्हणतात. हा तर थेट माझ्या गुडघ्यावर उठला!"

बाबांचे हातवारे पाहून टॅक्सीवाल्याने आरशातून विचारलं, "अंकल, यू-टर्न ऑर नॉट?"

"थांबा जरा," म्हणत मी फोनवर या शब्दांचं मूळ शोधलं. खात्रीने कुणालाच माहीत नाही. पण एक समजूत अशी, की चांगलं बोललं तर दृष्ट लागते, म्हणून मुद्दाम वाईट बोलायचं. म्हणजे एवढी पुढारलेली अमेरिका, आणि शेवटी आपली काजळाची तीटच. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं.

बाबा म्हणाले, "आई मला मेल्या म्हणायची."

त्यांच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती. त्यामुळे आजीने त्यांना कधी राजा, सोन्या म्हटलं नाही. जेवायला वाढताना मेल्या, पहिल्या पगाराचे पेढे हातावर ठेवले तेव्हाही मेल्याच.

"तेव्हा राग यायचा," ते म्हणाले. "ती गेल्यापासून कुणी म्हटलं नाही."

मग टॅक्सीवाल्याला त्यांनी सरळ जायला सांगितलं.

विंगेत मी बाबांची पगडी नीट केली, पण ते हलेनात. माझ्याकडे बघत नुसते उभे. त्यांना काय हवंय ते मला कळलं. जन्मात मी त्यांना कधी अरेतुरे केलेलं नव्हतं.

"जा मेल्या," मी म्हटलं.

"जातो," बाबा म्हणाले, आणि गेले.