आठ वाजताची ओळ

माझा दादा एका मोठ्या वाचनालयाच्या तळघरात बसतो आणि कुणाला दिसत नाहीत अशी कामं करतो. म्हणजे करत नाही, करवून घेतो. दिवसभराच्या देवघेवीची प्रत काढून ठेवायची, जुन्या नोंदींचा कचरा उपसायचा, पुस्तकांची यादी शोधायला सोपी जावी म्हणून पुन्हा नीट लावायची, हे सगळं तिथला कॉम्प्युटर आपसूक करतो. दादानं त्याला प्रत्येक कामासाठी एकेक ओळ लिहून दिली आहे. ओळीत आधी पाच रकाने: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. मग कामाचं नाव. ज्या रकान्यात चांदणी काढली तिथे ‘प्रत्येक’ असं समजायचं. हे त्यानं मला इतक्यांदा समजावलंय की आता मी वर्गात शिकवू शकेन.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्याची फजिती झाली. पुस्तक परत न करणाऱ्यांना सकाळी नऊला आठवणीची ईमेल जायची होती. तासाच्या रकान्यात त्यानं नऊ लिहिला आणि मिनिटाच्या रकान्यात शून्याऐवजी चांदणी राहिली. नऊ ते दहा, दर मिनिटाला एक, अशा साठ ईमेल एका निवृत्त मास्तरांना गेल्या. ते तावातावानं येऊन म्हणाले, “पुस्तक घ्या, सभासदत्वही घ्या, पण मला सोडा!” तेव्हापासून दादाचं नाव ‘मिनिटवाले’ पडलं. त्यानंतर त्यानं काम इतकं चोख केलं की तो तळघरात आहे हेच लोक विसरून गेले. चोख कामाचं हे एक वाईट असतं. काही बिघडत नाही, म्हणून कुणी जिना उतरून येत नाही.

मी त्याच्यापासून बसनं पाच तासांवर राहते. मी शाळेत शिकवते, एकटी राहते आणि माझा आवाज मोठा आहे. या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं दादाचं मत आहे.

चार वर्षांपूर्वी वहिनी गेली. तेराव्या दिवशी घर रिकामं झालं आणि मी त्याला दटावलं, “रोज फोन करायचा.” त्याला फोनवर बोलता येत नाही. ‘हं’ आणि ‘बरं’ यापलीकडे गाडी जात नाही. म्हणून त्यानं त्याच्या पद्धतीनं तोड काढली. सकाळचा चहा झाला की घरच्या कॉम्प्युटरवर एक कळ दाबायची. ती दाबली असेल तर आठ वाजता मला ‘मी ठीक आहे’ असा निरोप येणार. नसेल तर ‘दादाला फोन कर’ असा. मला ही युक्ती फार आवडली. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. आठला निरोप बघायचा, फोन पर्समध्ये टाकायचा आणि शाळेची वाट धरायची. अशी चार वर्षं गेली. महिना महिना आम्ही एकमेकांचा आवाज ऐकत नसू.

या वर्षी एका बुधवारी दुपारी मला अनोळखी बाईंचा फोन आला. “मी वाचनालयातून बोलतेय. देवघेवीच्या टेबलावर असते. तुमचे भाऊ बाथरूममध्ये पडले होते. दवाखान्यात आणलंय. सोमवार सकाळपासून पडलेले होते, ताई.”

मी म्हटलं, शक्यच नाही. सोमवार, मंगळवार आणि त्या दिवशी सकाळीसुद्धा आठच्या ठोक्याला तो ठीक होता.

दवाखान्यात पोचले तोवर संध्याकाळ झाली होती. पाय दोन ठिकाणी मोडलेला. हाताशी नळ होता म्हणून वाचला. ओरडून ओरडून घसा बसलेला. बाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. मी आभार मानायचं सोडून त्यांच्यावरच घसरले, “दोन दिवस माणूस कामावर नाही, तुम्हाला पत्ता नाही?”

“कसा लागणार?” त्या शांतपणे म्हणाल्या. “सगळं चालू होतं. फक्त दर बुधवारी अकराला ते वर येतात. माझं मशीन बंद करून पुन्हा चालू करतात, तेवढ्यात दहा मिनिटं बसतात. मी एकदा म्हटलंही, की हे तुम्ही खालूनच लावून ठेवू शकता की. तर म्हणाले, नाही, हे हातानंच करावं लागतं. आज आले नाहीत. फोन उचलेनात. म्हणून घरी गेले आणि शेजाऱ्यांकडून कडी तोडून घेतली.” मग त्यांनी विचारलं, “तुम्हाला नाही कळलं, ताई?”



दुसऱ्या दिवशी दादाला आवाज फुटला तशी मी उलटतपासणी सुरू केली. तू पडलेला असताना कळ कुणी दाबली?

“ओळ लिहून ठेवली होती,” तो म्हणाला. “कॉम्प्युटरच दाबायचा. पावणेआठला.”

“अरे, मग त्या कळीचा उपयोग काय?”

“एकदा दाबायची विसरलो होतो. पहिल्याच महिन्यात. तू शाळेला उशीर करून फोन केलास. किती बोललीस मला! म्हटलं, पुन्हा तुला त्रास नको.”

ते बोलणं मला शब्दन्‌शब्द आठवत होतं. ‘मला दुसरे उद्योग नाहीत का’ असंही मी म्हणाले होते. मी त्याची उशी सारखी करत बसले.

प्लास्टर घालून त्याला घरी आणलं. आठ दिवस राहिले, निघताना ती ओळ माझ्यासमोर पुसायला लावली आणि म्हटलं, “आता आठला मीच फोन करणार.” त्याच्या पुढ्यातच मोबाइलवर गजर लावला. तो वाकून बघत म्हणाला, “वार सगळे निवडलेस ना?”

पहिले काही दिवस दोघांनाही बोलायला सुचेना. तो प्लास्टरच्या आत खाज कुठे सुटते ते सांगायचा, मी मुख्याध्यापिकांच्या कागाळ्या करायचे. तिसऱ्या आठवड्यात आठला पाच कमी असतानाच मी चहाचा कप घेऊन खिडकीशी बसू लागले. घरात सकाळी कुणाशी तरी बोलायला मिळतंय, हे मला फार आवडू लागलं होतं. त्याला मात्र सांगितलं नाही.

मग परीक्षा सुरू झाली. पहिल्या दिवशी सातलाच हजर व्हायचं होतं, हे दादाला सांगायचं राहूनच गेलं, आणि पर्यवेक्षकांचे मोबाइल मुख्याध्यापिकांच्या कपाटात. गजर कपाटात वाजला असेल. दोन पेपर, मग उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. पाच वाजता मोबाइल हातात आला तेव्हा त्यावर दादाचे एकोणीस फोन येऊन गेलेले. मी लावला तर बंद. देवघेवीच्या बाईंना लावला. त्या धावत जाऊन बघून आल्या. “ताई, दाराला बाहेरून कुलूप आहे.”

कपडे पिशवीत कोंबून मिळेल ती बस पकडायची म्हणून रिक्षा करून घरी आले.

माझ्या इमारतीच्या तिसऱ्या पायरीवर दादा बसला होता. प्लास्टरचा पाय लांब पसरलेला, कुबडी भिंतीला टेकवलेली, शर्टाची बटणं खालीवर लागलेली.

“डोकं ठिकाणावर आहे का तुझं?” मी रस्त्यातूनच ओरडले. “असल्या पायानं पाच तास बसमध्ये? आणि फोन का बंद ठेवलास?”

“बॅटरी संपली,” तो म्हणाला. त्यानं मला नखशिखांत न्याहाळलं, आधी डोकं, मग हात, मग पाय. “तू आठला फोन केला नाहीस. मला वाटलं, तू पडलीस. तुझ्या घरात कोण आहे बघायला?”