बलियांसकट हात

"बांगड्या काढ. नाहीतर दुसरा दवाखाना बघ."

डॉक्टर नाकाला रुमाल लावून बोलत होता. माझ्याकडे बघतही नव्हता. महाराष्ट्र झाला त्या सालची गोष्ट. राळेगावकडच्या आमच्या तांड्यातून नवऱ्याने मला बैलगाडीत घालून आणलं होतं. न्यूमोनिया झाला आणि उजव्या छातीत पू धरला. श्वास निम्म्यातच तुटायचा. फासळ्यांमधून रबरी नळी घालून तो पू काढायचा होता.

दंडावरच्या त्या हस्तिदंती बांगड्या, आमच्यात त्यांना बलिया म्हणतात. लग्नात घालतात, नवरा आहे तोवर काढत नाहीत. माझा नवरा दाराशी उभा होता, धडधाकट. मी नाही म्हटलं.

"लमाणीण ती. अंघोळ नाही, अक्कल नाही," डॉक्टर कंपाउंडरला म्हणाला. "या लोढण्यांनी हात वर व्हायचा नाही. खालूनच घालतो."

हात वर कर, असं मला कोणी म्हटलंच नाही.

नळी घालण्याआधी बोटांनी फासळ्या मोजायच्या असतात, हे मला पुढे कळलं. त्याने बोट लावलं नाही. माझी काचळी, म्हणजे चोळी, चिमट्याने वर सरकवली आणि दिसली त्या जागी नळी खुपसली. मी दात आवळून पडले होते. हलले नाही.

बाटलीत पू यायला हवा होता. रक्त आलं. नळी फार खाली, थेट लिव्हरात घुसली होती.

मला यवतमाळला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी आधी त्या नळीला चिमटा लावला. "कोणी ओढू नका. ओढली तर रक्त आवरणार नाही." मग माझा हात धरून डोक्यावर नेला. बलियांसकट. सहज गेला. काखेखाली बोटांनी फासळ्या मोजल्या, वरच्या अंगाला नवी नळी घातली. पू बाटलीत आला. नंतर गुंगी देऊन पोट उघडलं, जुनी नळी बघून बघून काढली, लिव्हरला टाके घातले.

वाचले. बायकांच्या वॉर्डात कोपऱ्यातली खाट मिळाली. दुखलं की तोंडून "याडी" निघायचं. आई म्हणते आहे, हे तिथे कोणाला कळत नव्हतं. शेजारणीने आपली खाट पलीकडे ओढून घेतली. दिवसभर मी त्या बाटलीतले बुडबुडे बघत पडून असायचे.

एक दिवस पहिला डॉक्टर आला. मला बघायला नव्हे, आपलं नाव राखायला.

"ऐनवेळी हलली ती," तो मोठ्या डॉक्टरांना म्हणाला. मग माझ्या नवऱ्याला, "हलली ना रे?"

नवऱ्याने हात जोडले. "हो साहेब. हालली थे. येडी हाये."

पोटातल्या टाक्यांपेक्षा ते जास्त दुखलं. माझं म्हणावं असं त्या खोलीत कोणी उरलं नाही. आणि मग संताप आला. ओरडायला छातीत दम नव्हता.

"नाई," मी म्हणाले. "मी हालली नाई. तुमी मले हातच नाई लावला."

मोठे डॉक्टर खाली बघत राहिले. तांड्यावर पोचेपर्यंत नवरा माझ्याशी बोलला नाही. मीही बोलले नाही.

आता नवरा नाही, बलियाही उतरल्या. त्या असताना हात जेवढा वर जायचा तेवढाच आजही जातो. डॉक्टर समोर आला की कोणी सांगायची वाट बघत नाही. हात वर करते आणि त्याच्या डोळ्यांत बघून म्हणते,

"हात लाव आधी. फासळ्या मोज. मंग सुई काढ."