सातव्या माळेची गुलाबी गोळी

गेल्या नवरात्रात, सातव्या माळेला, दुपारच्या चहाच्या वेळी मी वेसाव्याच्या कुंदामावशीचा घात केला. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, आमच्या गटातल्या कुणालाही नाही. तुम्हाला सांगते, कारण या प्रकरणातलं माझं खोटं तुमच्या घरात येऊन पडलंय. छापून. मीच आणून दिलं होतं.

मी मृणाल. अंधेरीत राहते. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या गोळ्या जपून घ्या, असं बोंबलत फिरणाऱ्या गटाची पत्रकं मी लिहिते. 'शेजारणीची गोळी शेजारणीलाच!' — हे माझंच. मला राग आला की लिहिता येतं, आणि राग तर मला सारखाच येतो. सर्दीच्या गोळीत आणि तापाच्या गोळीत एकच औषध असतं आणि लोक दोन्ही एकदम गिळतात, याचा राग. पाकिटावरचं नाव मोठं आणि आतल्या औषधाचं नाव मुंगीएवढं, याचा राग. पण हे लिहिताना राग येत नाहीये. कुणावर काढू?

कुंदामावशी मी शाळेत होते तेव्हापासून आमच्या बिल्डिंगमध्ये मासळी घेऊन येते. म्हणजे यायची. ते 'यायची' पण माझ्यामुळेच — ते पुढे सांगते.

त्या दिवशी संध्याकाळी कोळीवाड्यात आमची सभा होती. विषय — हसा हवं तर — दुखण्यावरच्या गोळ्या सांभाळून कशा घ्याव्यात. आणि कोळीवाड्यातल्या बायका माझ्या पत्रकाने येत नाहीत. कुंदामावशीने दारात उभं राहून हाक मारली की येतात. म्हणून मी दुपारीच तिच्याकडे गेले.

ती दुपार मला पाण्याखालून पाहिल्यासारखी आठवते. बांबूंवर बोंबील वाळत घातलेले, त्यांच्यातून ऊन गाळून येत होतं, आणि सगळी गल्ली हळूहळू डोलतेय असं वाटत होतं. आत देवीपुढे घट, वर टांगलेल्या माळा — पहिली सुकून तपकिरी, सातवी अजून ओली. समईचा वास, खारवलेल्या माशांचा वास. मावशी भिंतीला टेकून पाय लांब करून बसलेली. नऊ दिवस ती पायात चप्पल घालत नाही. आणि धान्याचा कण खात नाही — कोरा चहा, एखादं केळं, बस.

"गुडघे बोलतान गो," ती म्हणाली. "आज मना नय जमणार. तूच जा दारोदार, तुझा तोंड काय कमी हाय?"

"माझ्या तोंडाला कोण विचारतं मावशी? तू नसलीस तर खुर्च्यांसमोर भाषण द्यावं लागेल."

ती हसली. मीही हसले. आणि बॅगेतून पट्टी काढली.

माझ्या पाळीच्या दिवसांतली गोळी होती ती. आयबुप्रोफेन. गुलाबी, गुळगुळीत, तिच्या बांगड्यांच्या रंगाची. मी एक काढून तिच्या तळहातावर ठेवली. त्याच बॅगेत, त्याच पट्टीला चिकटून, माझी पत्रकं होती. त्यांवर ठळक छापलेलं — आधी विचारा: पोटात अन्न आहे का? दुसरी कुठली औषधं चालू आहेत का? पोटाचा, किडनीचा, हृदयाचा त्रास आहे का?

मी विचारलं का? नाही. मला माहीत नव्हतं का, की तिचा उपास आहे? घट समोरच होता. आणि फ्रीजवर ठेवलेली ती छोटीशी पांढरी गोळी, रक्त पातळ राहावं म्हणून डॉक्टरांनी दिलेली, ती मला दिसली नव्हती का? दिसली होती. खरंच दिसली होती.

मावशीने विचारलं, "उपासाला चालते ना?"

"गोळीने कुठे उपास मोडतो?" मी म्हणाले.

उपास मोडत नाही. उपाशी पोटाला मात्र तीच गोळी आतून सोलते, आणि रक्त पातळ करणारी गोळी सोबत असली तर सोललेल्या जागेतून रक्त वाहायला लागतं. हे मला पाठ होतं. मला हॉल भरायचा होता.

हॉल भरला. मावशी तरातरा चालत घरोघर गेली आणि पहिल्या रांगेत येऊन बसली. निघताना उरलेली पट्टी मी तिला दिली — "दुखलं की घे गं."

तिने घेतली. दुखलं तेव्हा तेव्हा घेतली. मधल्या दिवसांत शौचाला डांबरासारखं काळं होत होतं, पण सणाच्या घरात असलं कोण बोलतं? दसऱ्याच्या सकाळी झेंडूचं तोरण ओवता ओवता ती कोसळली.

कळलं तशी मीही हॉस्पिटलात धावले. पोटात रक्तस्राव झालाय असं सांगून डॉक्टरांनी विचारलं, पेनकिलर कुणी दिली? तिची सून रेश्मा वाकून विचारत होती, "आई, कुठनं घेतलीत?" मावशीने डोळे उघडले. रेश्माकडे नाही — माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले. आणि मी, तिच्याआधी, मोठ्याने म्हणाले, "मेडिकलमधून घेतली असेल. किती वेळा सांगितलं, स्वतःच्या मनाने घेऊ नका म्हणून!"

मावशीने डोळे मिटले. बस, एवढंच झालं. अजूनही कधी कधी दुपारी डोळा लागला की बोंबलांमधून गाळलेलं ते ऊन येतं, आणि त्यात ते दोन डोळे — उघडे, मग मिटलेले. रागावलेले नाहीत. रागावलेले असते तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या पत्रकात, पिवळ्या कागदावरच्या, मी तेच लिहिलं. 'स्वतःच्या मनाने गोळ्या घेणाऱ्या एका मावशीची गोष्ट.' नाव नव्हतं, पण कोळीवाड्यात ओळखायला नाव लागतं का?

मावशी बरी झाली. पण मुलाने टोपली काढून घेतली — "आईला आता कळत नाही." ज्या बाईच्या एका हाकेवर गल्ली बाहेर यायची, तिच्या गोळ्या आता कपाटात कुलुपात असतात. रेश्मा एकेक काढून हातावर ठेवते, आणि गिळली का ते बघते. मी भेटायला गेले तेव्हा मावशीने चहा टाकायला सांगितला. मग हळूच एवढंच म्हणाली, "तू दिलीस म्हणून घेतली गो. तुझ्यावर भरोसा व्हता."

तिने घरात आजपर्यंत माझं नाव घेतलेलं नाही. आणि मीही तिला खुशाल ते लपवू दिलं.

हा कागद आधी रेश्माच्या हातात जाईल, मग तुमच्या. मला माफ करा असं मी म्हणत नाहीये. ते पिवळं पत्रक तुमच्या घरात असेल — डब्याखाली, ड्रॉवरमध्ये, कुठेही. शोधा. त्यातलं 'स्वतःच्या मनाने' खोडा आणि वर लिहा: मृणालने दिली. आणि ज्यांना ज्यांना ती गोष्ट सांगितली असेल, त्यांच्या दारात जाऊन पुन्हा सांगा. आजच.