डाव्या हाताचा चुडा

पुनर्जन्म वगैरे गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. तीस-बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, अंगात येणाऱ्या बायकांना चहा पाजून घरी धाडलं... तरी हे लिहितेय, कारण सांगणारं आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

आमचं गाव आखाडा बाळापूर. आईचं माहेरही गावातलंच. १९४८ चा उन्हाळा. निजामाच्या राज्यातले शेवटचे महिने, रोज नवी अफवा. ज्याच्या घरी पोर, तो तिला घाईनं उजवून टाकत होता. मी नऊ वर्षांची. वडिलांनी पुसेगावचं स्थळ पक्कं केलं. मला त्यातलं एवढंच कळलं, की हिरवा चुडा मिळणार. खूश होते मी, खोटं कशाला सांगू.

चुडा भरायला हुसेनबी मण्यारीण आली. गावातल्या तीन पिढ्यांचे हात तिनं दाबलेले. मोतीबिंदूनं डोळे गेले होते, काम सगळं बोटांवर. उजवा हात चटकन भरला. डाव्याला मात्र बांगडी अंगठ्यापाशी अडायची. तीन फुटल्या तशा बायका कुजबुजायला लागल्या. मग हुसेनबीनं माझा अंगठा तळव्यात दुमडला, मनगट आतल्या बाजूला अर्धं वळवलं – आणि बांगडी सर्रकन गेली. तिचे हात तिथंच थांबले.

"ह्यो यमुनाचा हात हाय," ती हळूच म्हणाली.

यमुना म्हणजे आईची धाकटी बहीण, माझ्या जन्माआधीच वारलेली. लहानपणी बैलगाडीवरून पडून तिचा डावा हात मोडला होता, तो वाकडाच जुळला. तिला बांगडी अशीच भरावी लागायची. माझा हात कधी मोडला नव्हता. दिसायलाही सरळ.

"चाची, काय बोलून राहिल्या तुमी?" आई म्हणाली.

"आमच्यात असलं मानत न्हाईत, माय. पर माझ्या बोटांला काय सांगू? हात नवा हाय, वाट जुनीच हाय."

यमुनाचं लग्न दहाव्या वर्षी झालं, अकराव्या वर्षी नवरा गेला आणि तिच्या बांगड्या फोडल्या. पुढं एका नागपंचमीला तिनं आईकडं एकच बांगडी मागितली. "आक्का, एक दिस घालू दे. पदराखाली झाकून ठीवते." आई घाबरली आणि मोठ्यांना सांगून बसली. यमुनाला मार बसला. महिन्याभरात ती तापानं गेली. पुढच्या वर्षी मी झाले. हे सगळं आईनं मला फार नंतर सांगितलं.

चुड्याच्या त्या दिवशी मात्र आई उठली आणि वडिलांपुढं उभी राहिली.

"ह्या लेकराचं लगीन व्हनार न्हाई."

"काहून? याड लागलं का?"

"एकदा मारलं म्या तिला. दुसऱ्यांदा न्हाई मारायची."

पुसेगावचे पाव्हणे आल्या पावली परत गेले. वडील चार वर्षं आईशी बोलले नाहीत. मी शिकले, नोकरी केली, मनाला येईल तिथं हिंडले, पन्नाशीत पोहायलासुद्धा शिकले. "पोटभर जग," एवढंच आई म्हणायची. पण त्या दिवसानंतर ती मला एकदाही रागावली नाही. माझ्यापुढं गुन्हेगारासारखी वागायची, माझा डावा हात बघत बसायची. मला जन्म परत मिळाला असेलही, पण नवव्या वर्षी माझी आई मात्र गेली. याचं दुःख मला आजही आहे.

चाळिशीत मनगट दुखायला लागलं म्हणून एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, "लहानपणीचं फ्रॅक्चर दिसतंय, आतून वाकडं जुळलंय." आईला विचारलं. तू कधी पडलीच नाहीस, असं तिनं देवाच्या शपथेवर सांगितलं. तान्हेपणी काही झालं असेल, ती विसरली असेल... हे लॉजिक मी स्वतःला सांगत असते. पटत नाही.

शेवटच्या दुखण्यात, एका दुपारी आईनं माझा तो हात धरला. "यमुने, माफ केलंस का गं मला?"

मी विज्ञानाची मास्तरीण. म्हणाले, "व्हय आक्का. कवाच केलं."

ती संध्याकाळी गेली. आणि मी तिच्याशी खोटं बोलले, असं मला आजतागायत वाटलेलं नाही. का, ते मला माहीत नाही.